रंगाभाऊंना संघातून काढलं तेव्हा

"आपल्या टीमचं दुखणं कुठं आहे, सांगू?" मी म्हणालो आणि समोरच्या खुर्चीतल्या सुताराच्या गालावर आणखी एकदा साबणाचा ब्रश फिरवला. तोंडभर फेस असल्यामुळं त्याला 'नको' म्हणता येईना.

"पुढच्या फळीत तिघं जण तिशीच्या वरचे. डावा हाफ उजव्या पायाचा. आणि सेंटर फॉरवर्ड? त्यानं पंच्याऐंशी साली फायनलला दोन गोल मारले, मान्य. मी स्वतः त्याला खांद्यावर घेऊन बिंदू चौकापर्यंत नाचलोय. पण आज शहाण्णव साल आहे. तेव्हाच्या गोलावर आज कप मिळतोय व्हय?"

बाकावर बसलेली माणसं हसली. एकानं हळूच दाराकडं बघून घेतलं. रंगाभाऊंचं घर सलूनपासून चार दारं सोडून होतं.

कोल्हापुरात त्या काळी प्रत्येक पेठेची एक तालीम आणि प्रत्येक तालमीची एक फुटबॉल टीम. आमची वीरमारुती तालीम. तिच्या बरोबर समोर माझं सलून. शाहू स्टेडियमवर मॅच झाली की दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात पुन्हा खेळली जायची, आणि वस्तरा माझ्या हातात असल्यामुळं शेवटचा शब्दही माझाच असायचा. कुणाला घ्या, कुणाला बसवा, कुणाला घरी पाठवा, सगळं माझ्याकडं तयार असायचं. अकरा वर्षं कप आला नव्हता. शेवटच्या चार वर्षांत शिवतेज तालमीनं आम्हाला चारदा हरवलं होतं. त्यामुळं बोलायला विषय भरपूर.

त्या डिसेंबरात तालमीचे अध्यक्ष आप्पा सरनोबत स्वतः दुकानात आले. दाढी करायला नव्हे. उभ्याउभ्याच म्हणाले, "दिगंबर, निवड समितीतले देसाई पोराकडं पुण्याला गेले. त्यांच्या जागी तू."

मला वाटलं चेष्टा करालेत. "आप्पा, मी? मी कधी शाळेच्या टीममधून पण खेळलो न्हाई."

"खेळला न्हाईस, पण बोलतोस तर. उद्या सहाला तालमीत ये."

त्या रात्री बायकोनं, मालननं, जेवताना विचारलं, "आता कुणाला नावं ठेवणार?" मी वाटीतल्या रश्श्यात भाकरी कुस्करत बसलो.

समितीत आम्ही तिघं. आप्पा, कोच मांगोरे मास्तर आणि मी. मास्तर शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, बोलायला अगदी कमी. सोळा जणांची यादी करायची होती. पंधरा नावं तासाभरात झाली. त्यात मी एक लढाई जिंकलो. गडहिंग्लजला मेव्हण्याच्या लग्नाला गेलो असताना तिथल्या स्पर्धेत एक फॉरवर्ड बघून आलो होतो, इम्तियाज बागवान. बावीस वर्षांचा, बापाबरोबर फळांचा धंदा करणारा. बॉल पायात आला की समोरच्याला तो कुठल्या बाजूनं गेला हे कळायचंच नाही.

"पेठेबाहेरचा?" आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लोक काय म्हणतील?"

"कप आला तर काही म्हणणार न्हाईत," मी म्हणालो. मास्तरांनी मान हलवली. इम्तियाजचं नाव यादीत पडलं.

मग सोळावं नाव राहिलं. आप्पा माझ्याकडं बघायला लागले, मास्तर पण माझ्याकडं बघायला लागले. दोन वर्षं रोज बारा तास मी जे बोलत होतो, ते एकदा बोलायची हीच जागा होती. रंगराव इंगवले, वय पस्तीस, कॅप्टन. गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही. अख्ख्या मागच्या सीझनमध्ये दोन गोल, त्यातला एक पेनल्टीचा.

खिडकीतून मैदान दिसत होतं. रंगाभाऊ एकटेच बॉल घेऊन भिंतीवर मारत होते. मारायचे, परत आलेला अडवायचे, परत मारायचे.

"रंगाभाऊंना घ्या की," मी म्हणालो. "म्हणजे, ते असायलाच पाहिजेत."

आप्पांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता का निराशेचा, ते तेव्हा कळलं नाही. मास्तरांनी नाव लिहिलं आणि वही मिटली.

सीझन सुरू झाला. रंगाभाऊ सुरुवातीपासून खेळायचे आणि इम्तियाज शेवटची वीस मिनिटं उतरायचा. त्या वीस-वीस मिनिटांत त्यानं पाच गोल मारले. मी दुकानात इम्तियाजचं कौतुक करायचो, पण रंगाभाऊंबद्दल एक शब्द काढायचो नाही. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं. "काय दिगू, समितीत गेल्यापास्नं आवाज बसला काय?" असं विचारायला लागले. रंगाभाऊ दर बुधवारी दाढीला यायचे, खुर्चीत डोळे मिटून बसायचे. ते पण आपणहून काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "इम्तियाज चांगला हाय. तू आणलास न्हवं?" मी नुसतं 'हं' केलं.

सेमीफायनलला आमचं नशीब बघण्यासारखं होतं. समोरची टीम आमच्यापेक्षा वरचढ होती, पण त्यांचे दोन शॉट बारला लागले. साठाव्या मिनिटाला डावीकडून सुंदर क्रॉस आला. गोलकीपर पडलेला, समोर मोकळं जाळं, आणि बॉलपासून दोन हात अंतरावर रंगाभाऊ. दहा वर्षांपूर्वी त्यांनी तो डोळे मिटून आत घातला असता. त्यांनी पाय टाकला आणि बॉल त्यांच्या बुटाच्या पुढून निघून गेला.

स्टेडियममधून 'हाऽऽऽ' असा आवाज उठला. खेळाडू अशा वेळी आभाळाकडं बघतो, नाहीतर डोक्याला हात लावतो. रंगाभाऊंनी तसलं काही केलं नाही. ते सरळ उभे राहिले आणि आमच्या बाकाकडं बघत राहिले. आप्पांकडं नाही, मास्तरांकडं नाही. माझ्याकडं. मला वाटलं, मी नजर लावली असं त्यांना वाटत असणार. मी मान खाली घातली.

मॅच टायब्रेकरवर गेली आणि आमच्या कीपरनं दोन पेनल्ट्या अडवल्या. आम्ही फायनलला गेलो. फायनल पुढच्या रविवारी, शिवतेजबरोबर.

मंगळवारी समिती बसली. त्या दोन दिवसांत मला नीट झोप नव्हती. आप्पांनी चहा मागवला, आणि कप हातात यायच्या आधीच मी बोलून टाकलं, "रंगाभाऊंना बसवायला पाहिजे. पहिल्यापास्नं इम्तियाजला उतरवू. आणि सोळात पण रंगाभाऊ नकोत. बाकावर दिसले तर दहा मिनिटांनी पब्लिक त्यांच्या नावानं ओरडायला लागंल, आणि आपण भिऊन त्यांना उतरवू."

चहा आला. कुणी कप उचलला नाही.

"फायनलला?" आप्पा म्हणाले. "कॅप्टनला?"

"फायनल हाय म्हणूनच."

मास्तर पहिल्यांदा हसले. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले.

"मग सांगायचं कुणी?" आप्पांनी विचारलं, आणि माझ्याकडं बघून स्वतःच उत्तर दिलं, "ज्यानं काढलं त्यानं."

बुधवारी सकाळी नऊला रंगाभाऊ नेहमीसारखे आले. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फेस केला, डावा गाल उरकला. उजव्या गालाला हात घालायच्या आधी वस्तरा खाली ठेवला.

"रंगाभाऊ."

"हं."

"रविवारी तुम्ही न्हाई."

त्यांनी डोळे उघडले. आरशातून माझ्याकडं बघितलं. बाकावर दोघं बसले होते, त्यांचं पेपर वाचणं थांबलं.

"मी सांगितलं समितीला," मी म्हणालो. "आप्पांनी न्हाई, मास्तरांनी न्हाई. मी. तुमचा पाय पोचंना झालाय. शिवतेजचा स्टॉपर तुम्हाला अख्खी मॅच खिशात घालून फिरंल. मला वाईट वाटतंय, पण ते खरं हाय."

रंगाभाऊंनी आरशात आपल्या फेसाळ उजव्या गालाकडं बघितलं.

"झालं बोलून?"

"हो."

"मग हिकडची बाजू कर की. अर्ध्या दाढीनं घरी पाठवतोस व्हय मला?"

बाकावरचा एक जण हसायला लागला आणि मग त्याला हसावं की नको ते कळेना. मी उजवा गाल केला. आयुष्यात एवढी जपून दाढी मी कधी केली नाही. रंगाभाऊ उठले, तोंडावर तुरटी फिरवून घेतली आणि गेले.

अर्ध्या तासात पेठभर झालं.

गुरुवारी माझ्या दुकानात एकही गिऱ्हाईक आलं नाही. शुक्रवारी पण नाही. समोरच्या तालमीच्या कट्ट्यावर वीस-पंचवीस जण बसायचे, माझ्याकडं बघायचे आणि पुढच्या चौकातल्या सलूनमध्ये जायचे. रंगाभाऊंचा चुलत भाऊ शिवाजी तर रस्त्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "बॉलला कधी पाय लावला न्हाई आणि कॅप्टन काढतोय!" मी आतून दुकानाच्या काचा पुसत राहिलो. तीन वेळा पुसल्या.

शनिवारी मात्र एक गिऱ्हाईक आलं. शिवतेजच्या गल्लीतला, ओळखीचा ना पाळखीचा. खुर्चीत पसरून म्हणाला, "दाढी कर, आणि आमच्या सगळ्या पेठेकडनं आभार. इंगवलेला काढलंस ते बेस केलंस. आमचं निम्मं काम तूच केलंस." त्याच्या मानेवर वस्तरा होता आणि माझा हात अगदी स्थिर होता, हे आज सांगायला हरकत नाही.

मालननं त्या संध्याकाळी स्वतः डबा आणला. रिकामं दुकान बघितलं, बाकावर बसली. "मला एक सांगा, तुम्ही बरोबर केलंय का चूक?"

"बरोबर."

"मग जेवा," ती म्हणाली. "आणि हरलात तर गावाला माझ्या भावाकडं जाऊ आठ दिवस."

रविवारी शाहू स्टेडियम गच्च भरलं होतं. रंगाभाऊ आमच्या पब्लिकच्या मधोमध बसले होते, साधा पांढरा सदरा घालून. लोक त्यांच्या पाठीवर थाप मारून माझ्या नावानं ओरडत होते. मी बाकाच्या टोकाला बसून बुटाची लेस पुनःपुन्हा बांधत होतो.

पहिल्या अर्ध्यात सगळं उलटं झालं. पंधराव्या मिनिटाला शिवतेजनं कॉर्नरवर गोल केला. इम्तियाजला दोन चान्स मिळाले. एक बाहेर गेला, दुसरा सरळ कीपरच्या हातात. शिवतेजचा स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीतला पाच नंबरचा आडदांड गडी, त्याच्या पाठीलाच चिकटून फिरत होता. इम्तियाज घाबरला होता. बॉल आला की तो परत मागं द्यायचा. माझ्या पाठीमागून आवाज आला, "ए सलूनवाल्या, तुझा गडी फळं विकायलाच बरा!" दुसरा ओरडला, "रंगाऽऽ! रंगाऽऽ!" आणि तो ओरडा पसरत गेला. सगळी पब्लिक रंगाभाऊंचं नाव घेत होती, आणि ते यादीतच नव्हते.

हाफटाइमला रंगाभाऊ उठले. पायऱ्या उतरून जाळीपाशी आले आणि बोटानं इम्तियाजला बोलावलं. पब्लिक खूश झाली. आता भाऊ ह्याला चांगला सुनावणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. इम्तियाज मान खाली घालून गेला. रंगाभाऊ जाळीतून त्याच्याशी दोन-तीन मिनिटं बोलले. एका हातानं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर काहीतरी दाखवत होते. मग त्यांनी जाळीतून बोटं घालून त्याचा खांदा दाबला आणि परत जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या अर्ध्यात इम्तियाज स्टॉपरच्या पुढं उभाच राहिना. तो त्याच्या उजव्या खांद्याच्या मागं जाऊन थांबायचा. बॉल पायात मागायचा नाही, मोकळ्या जागेत मागायचा. दहाव्या मिनिटाला आमच्या हाफनं तसा एक बॉल टाकला. पाच नंबर वळेपर्यंत इम्तियाज चार पावलं पुढं होता. कीपर बाहेर आला. इम्तियाजनं त्याच्या अंगावरून बॉल असा उचलला, जसं कुणी टोपलीत अलगद आंबा ठेवावा.

एक-एक.

तोपर्यंत माझ्या मागं जो फळांवरून ओरडत होता, तो आता "बागवान! बागवान!" करत होता.

शेवटची पाच मिनिटं राहिली. पुन्हा तसाच बॉल, पुन्हा तशीच धाव. ह्या वेळी स्टॉपर आणि कीपर दोघंही इम्तियाजवर तुटून पडले. त्यानं बॉल आडवा सरकवला आणि आमचा डावा हाफ अजित, ज्याला मी दोन वर्षं उजव्या पायाचा म्हणून नावं ठेवत होतो, त्यानं डाव्या पायानं तो मोकळ्या जाळ्यात मारला.

पुढं काय झालं ते मला सलग आठवत नाही. शिट्टी झाली. हलगी सुरू झाली. गुलालाची एक अख्खी मूठ माझ्या तोंडात गेली, ती घालणारा शिवाजी होता. तो मला मिठी मारून रडत होता आणि शिव्या देत होता. इम्तियाज लोकांच्या खांद्यावर होता. बारा वर्षांनी कप आला होता. संध्याकाळी तालमीसमोर आल्यावर आप्पांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन दिवसांपूर्वी ह्याच लोकांनी माझ्या दुकानाकडं पाठ फिरवली होती. पण राग आला नाही. हरलो असतो तर मीही तेच केलं असतं.

गर्दीतून बाजूला झालो तर मांगोरे मास्तर कट्ट्यावर एकटे बसले होते. मी त्यांच्या शेजारी टेकलो. "मास्तर, एक वाईट वाटतंय. रंगाभाऊंना मैदानातच निरोप द्यायला पाहिजे होता. ते माझ्यावर कायमचे नाराज राहणार."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. "तुला समितीत घ्यायचं कुणी सुचवलं, तुला ठाऊक न्हाई?"

"आप्पांनी."

"आप्पा तुला वडगावच्या बाजाराला पण बरोबर न्यायचे न्हाईत," मास्तर म्हणाले. "रंगानं सुचवलं. देसाई गेल्यावर माझ्या घरी आला. म्हणाला, तो समोरचा दिगू रोज मला टीममधून काढतोय. त्याला समितीत घ्या. रंगाला काढायचं आम्हा बाकीच्यांचं धाडस होत नव्हतं."

मी उठलो. रंगाभाऊ तालमीच्या मागच्या नळावर तोंड धूत होते. गुलाल निघत नव्हता, पाणी नुसतं लाल होऊन वाहत होतं. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मग एकदम विचारलं, "तुम्ही स्वतःच का सांगितलं न्हाई? मी थांबतो म्हणायचं."

"गेलो होतो की," ते म्हणाले. "तीनदा गेलो आप्पांच्या घरी. तिन्ही वेळा त्यांनी चहा दिला, पंच्याऐंशीची फायनल काढली. आणि तिन्ही वेळा पुढच्या मॅचला काय करायचं ते ठरवून परत आलो." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "त्या स्टॉपरचं मला दोन वर्षं ठाऊक हाय. उजवीकडं वळायला वेळ लावतो. पण त्याच्या पाठीमागं पळून जायला पाय पाहिजेत की."

"सेमीफायनलला तुम्ही माझ्याकडं बघितलं."

"बघितलं तर! म्हटलं, हा आतातरी बोलंल का न्हाई? डिसेंबरात तू मला घेतलंस म्हणून कळलं, त्या रात्री तुला आईवरनं शिव्या घातल्या मी. म्हटलं, हा पण बाकीच्यांसारखाच निघाला."

"चुकलंच माझं."

रंगाभाऊंनी नळ बंद केला. कट्ट्याकडं बघितलं. तिकडं इम्तियाजला लोक अजून खाली उतरू देत नव्हते. ते हसले, आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "शिव्या घातल्या, ते खरं. पण दिगू, कुणाला सांगू नकोस. त्या रात्री यादीत माझं नाव हाय म्हटल्यावर लई बरं पण वाटलं होतं रे."